तळकोटातली चुकलेली ओहोटी

शाळेच्या ग्रंथपालाला ग्रंथपाल म्हणणारी माणसं फार थोडी. शिपाई म्हणायचे 'लायब्ररीच्या बाई', मुलं म्हणायची नुसतंच 'बाई', आणि एखादे शिक्षक रजेवर असले की पर्यवेक्षक दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, तुम्ही मोकळ्याच आहात ना?" पनवेलच्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं अशी मोकळी होते.

या मोकळेपणात काय चालायचं ते सांगते. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग शिक्का. एक पहिल्या पानावर आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर. ते पान कुठलं हे फक्त ग्रंथपालाला ठाऊक असतं, म्हणजे कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणायला लागला तरी चोरी पकडता येते. मग कव्हर, चिठ्ठी, कपाट. एवढं काम कुणालाही आठवड्यात शिकवता येईल. शिकवता येत नाही ते दुसरंच: समोरच्या माणसाच्या हातात नेमकं पुस्तक ठेवणं.

यात मी सुरुवातीची काही वर्षं साफ नापास होते. "हे घे, फार छान पुस्तक आहे," असं म्हटलं की मुलांचा चेहरा काढा प्यायला दिल्यासारखा व्हायचा. हळूहळू अक्कल आली. पुस्तक चांगलं आहे असं सांगायचं नाही. त्यातून काय शिकायला मिळतं हे तर मुळीच सांगायचं नाही. गोष्ट सुरू करायची आणि नको तिथे थांबायचं. आमचे पी.टी.चे सर "बाई, दहा मिनिटांत संपेल असं काहीतरी द्या" म्हणत यायचे. मी त्यांना एकदा रहस्यकथांचा जुना संग्रह दिला. त्यातल्या शेवटच्या कथेची शेवटची दोन पानं गळालेली होती, हे मला माहीत होतं. सरांनी खुनी शोधण्यासाठी गावातलं सार्वजनिक वाचनालय पालथं घातलं, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी पुस्तक बदलून नेलं. या लबाडीबद्दल मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

पश्चात्ताप झाला तो दुसऱ्या दोन गोष्टींचा. त्या दोन्ही एकाच पुस्तकाशी जोडलेल्या आहेत, आणि नोकरीतला सगळ्यात मोठा विजयही त्याच पुस्तकाने दिला.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा पुस्तक प्रदर्शनात मला 'तळकोट' नावाची कादंबरी दिसली; शाळेसाठी दोन प्रती घेतल्या. किशोरवयीन मुलांसाठीची अद्भुत कादंबरी. लेखिका विदर्भातल्या, नवीनच. रविवारी सकाळी सहज चाळायला घेतली आणि दुपारी करपलेल्या भाजीच्या वासाने भानावर आले. समुद्राच्या तळाशी बुडालेला एक कोट. दर पौर्णिमेला मध्यरात्री समुद्र मागे सरतो आणि कोटाची वाट उघडी पडते. आत जो बोलेल त्याचा आवाज तिथेच राहतो. जुई नावाची तेरा वर्षांची मुलगी तिथे अडकलेल्या भावाला आणायला निघते. तिला बोलायचं तर आहे, पण एक शब्द बोलली की आवाज कायमचा गेला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण जुई कोटाच्या दरवाजापाशी पोचली तेव्हा माझ्याही तोंडून शब्द फुटेना.

सोमवारी नववी 'ब'चा वाचनतास होता. हा तास वेळापत्रकात कायम असायचा आणि वर्गात क्वचित. बहुतेक वेळा तो गणिताकडे जायचा. त्या दिवशी मिळाला. मी पहिली अकरा पानं मोठ्याने वाचली आणि जुईचा पाय पहिल्या ओल्या पायरीवर पडल्याबरोबर पुस्तक मिटलं. वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारचे शिक्षक बघायला आले. दोनच प्रती होत्या. कपाटाच्या दारावर नंबरांची यादी लावावी लागली. माझ्या आख्ख्या नोकरीत रेशनसारखी रांग लागलेलं पुस्तक तेच.

पहिला नंबर मात्र मी स्वतःच्या अधिकारात दिला, दर्शनाला.

दर्शना उरणजवळच्या करंज्याची. वडील हिराजी, मासेमारीच्या होडीवर. करंज्याहून रोजचं येणं-जाणं झेपत नाही म्हणून ती पनवेलच्या कोळीवाड्यात मामाकडे राहायची. शाळेत आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उत्तर देताना "आमी केला नाय" म्हणाली, आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. हजेरीलाही नुसता हात वर. मला वाटलं, समुद्राची मुलगी, समुद्राचं पुस्तक. आवाज हरवण्याची गोष्ट. माझ्या निवडीवर मी बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने पुस्तक टेबलावर आणून ठेवलं.

"एवढ्यात वाचून झालं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आवडलं नाही?"

बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "खोटा हाय."

मी हसले. "अगं, काल्पनिक आहे ते. समुद्राखाली कोट कसा असेल खराखुरा?"

"कोट असू दे. त्याचा काय नाय. पुनवेला मध्यरात्री भरती असते, बाई. पाणी वर येतं. मागं कसं जाईल?"

आणि इथे मी काय केलं असेल? वर्षानुवर्षं मुलांना 'वाचताना प्रश्न विचारा' असं फळ्यावर लिहून देणारी मी, घाईघाईने म्हणाले, "कादंबरीत चालतं गं तेवढं. इतकं बारीक नाही बघायचं."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. वर्ग हसला तेव्हा तिने असंच बघितलं असेल. पुस्तक तिथेच ठेवून ती निघून गेली. हा माझा पहिला पश्चात्ताप.

संध्याकाळी मासळी घ्यायला गेले तेव्हा मला राहवेना. नेहमीच्या कोळणीला विचारलं, "मावशी, पौर्णिमेला रात्री बारा वाजता भरती असते का गं?"

तिने कोयता थांबवून मला आपादमस्तक न्याहाळलं. "बाई, तुमी शालंत शिकवता ना? ह्ये तर आमच्या शेंबड्या पोराला पन म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गावर गेले आणि दर्शनाला व्हरांड्यात बोलावलं. "तुझं बरोबर होतं. माझं आणि पुस्तकाचं, दोघांचंही चुकलं."

शाळेत मोठ्या माणसाने तिला असं कधी सांगितलं नसावं. ती आधी घाबरलीच. मग एकदम बोलायला लागली. तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. खणखणीत, होडीवरून किनाऱ्याला हाक पोचवणारा. तिने सांगितलं की भरतीची वेळ काढायला वडिलांचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमाराला भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी.

"मग अष्टमी केली तर? आठाचे सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. मध्यरात्र जमते की!" मला वाटलं, मी लेखिकेची अडचण सोडवली.

"नाय ना, बाई. अष्टमीला पाणी मागं जातं ते जरासाच. आमी भांग म्हनतो त्याला. कोट कसा उघडा पडेल? पानी लांब जायला पुनवच पायजे, नायतर अवस." मग तिलाच सुचलं. "संध्याकाळी उघडू दे की. पुनवेच्या संध्याकाळी ओहोटी असते. सूर्य एकीकडं बुडत असतो न् चांद दुसरीकडं वर येत असतो. मधी उघडा पडलेला तळ. बाराच्या काळोखापरीस ता जास्त भारी दिसंल."

कादंबरीत होतं त्याहून हे सुंदर होतं, आणि वर खरंही होतं.

"हे लेखिकेला कळव. पत्र लिही."

"मना शुद्ध लिवता येत नाय."

"बोललीस तसं लिही. शुद्ध लिहिणारे पुष्कळ आहेत, भरती कळणारे नाहीत."

पत्र लिहायचं तर पुस्तक पूर्ण वाचायला हवं, आणखी चुका असल्या तर? या एका हेतूने तिने 'तळकोट' पुन्हा नेलं. चार दिवसांत वाचून परत आणलं. चुका आणखी दोनच सापडल्या होत्या, दोन्ही होडीच्या. त्या सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "दुसरा भाग हाय का?"

पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर गेलं. दोन पानं, वहीच्या कागदावर, भरती-ओहोटीच्या आकृतीसकट. मी एक अक्षरही सुधारलं नाही.

आणि मग घटक चाचणीचे निकाल लागले.

वर्तकसाहेब म्हणजे नववी 'ब'मधल्याच शर्वरीचे वडील. नवीन पनवेलला राहणारे, मुंबईत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शर्वरी वर्गात पहिली यायची, ती तिसरी आली, आणि तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'तळकोट' सापडलं. पालकांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: शाळेत मुलांना जादूटोण्याची पुस्तकं वाचायला देतात, याचा अभ्यासाशी काय संबंध? त्याखाली अंगठ्यांची रांग.

मुख्याध्यापक कदम सर वाईट माणूस नव्हते. वाद त्यांना सोसत नसे, इतकंच. "बाई, तूर्तास दोन्ही प्रती माझ्या कपाटात ठेवू. पालक सभेपर्यंत. आणि वाचनतास गणिताला देऊन टाकू, म्हणजे विषयच मिटला."

मी मुकाट्याने दोन्ही प्रती नेऊन दिल्या. हा दुसरा पश्चात्ताप. 'सर, आधी तुम्ही वाचा, मग बंद करा,' एवढं तरी म्हणायला हवं होतं. निवृत्ती जवळ आली की माणूस भांडण पुढे ढकलतो. कपाटाच्या दारावरची नंबरांची यादी काढायला गेले, तर मुलांनी तिच्यावर पेन्सिलीने 'नंबर कायम आहेत' असं लिहून ठेवलं होतं. मी यादी तशीच राहू दिली.

सभेच्या चार दिवस आधी कदम सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक जाड पाकीट होतं. वर पत्ता: कु. दर्शना, इयत्ता नववी 'ब'.

"बाई, हे काय आहे? आपल्या मुलीने कुणाकडे तक्रार केली की काय?"

दर्शनाला बोलावलं. तिने पाकीट फोडलं. आत लेखिकेचं पत्र आणि टाइप केलेली पंधरा-सोळा पानं. पत्र तिने वाचायला माझ्याकडे दिलं. लेखिकेने लिहिलं होतं की त्यांनी आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला आहे, तोही दुपारी. चूक त्यांची आहे आणि ती मोठी आहे. नवी आवृत्ती छपाईला निघाली होती, ती थांबवली आहे. कोटाचं दार आता पौर्णिमेच्या संध्याकाळी उघडेल. ते प्रकरण नव्याने लिहून पाठवत आहेत. दर्शनाने वाचून 'पास' म्हटलं तरच छापायला जाईल.

कदम सर मूळचे गणिताचे. त्यांचं लक्ष पत्राला जोडलेल्या दर्शनाच्या आकृतीच्या प्रतीवर गेलं होतं.

"तिथीची पाऊणपट?" ते पुटपुटले. "पंधरा पाऊणे सव्वाअकरा... आमचे आजोबा पाऊणकी पाठ करून घ्यायचे. मला आजवर कळलं नव्हतं ती कशासाठी." मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि स्वतःच्या कपाटातून एक प्रत काढून घेतली. मला नाही दिली. स्वतःच्या बॅगेत ठेवली.

पालक सभा शनिवारी सकाळी होती, मुलांसकट. वर्तकसाहेब तयारीनिशी आले होते. बोलले मात्र सभ्यपणे, हे मला मान्य करायला हवं. "माझा राग कुणावर नाही. पण हे स्पर्धेचं युग आहे. अशा कपोलकल्पित गोष्टीतून मुलांच्या हाती ज्ञान म्हणून काय लागतं, ते एक उदाहरण देऊन सांगा. एकच."

माझी उत्तराची तयारी होती, चार पानं. ती उघडायची वेळच आली नाही. कदम सर उठले आणि म्हणाले, "दर्शना, फळ्यावर ये."

ती आली. खडू घेतला, पण बोलेना. साठ-सत्तर पालक. वाटलं, सरांनी हे करायला नको होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून शर्वरी म्हणाली, "दर्शना, मला समजावलंस ना, तसंच सांग." या दोघी कधी बोलायला लागल्या होत्या, मला पत्ताच नव्हता.

दर्शनाने फळ्यावर तिथ्या लिहिल्या. समोर वेळा. उधाण कधी, भांग कधी, पौर्णिमेच्या मध्यरात्री कोट का उघडू शकत नाही आणि संध्याकाळी का उघडू शकतो. सुरुवातीचं एक वाक्य तिने पुस्तकी मराठीत जुळवलं, मग ते सोडून दिलं आणि आपल्या भाषेत बोलू लागली. कुणी हसलं नाही.

वर्तकसाहेबांनी फोन काढला. "आज कोणती तिथी?"

"द्वादशी," कदम सर म्हणाले. "बारा पाऊणे नऊ."

"फोनवर मुंबईची भरती साडेनऊला दाखवतायत. अर्ध्या तासाचा फरक आहे."

दर्शना वळून म्हणाली, "मग आमी अर्धा तास आदी जाऊन होडीवर बसतो, साहेब. काय बिघडला?"

सगळी सभा हसली. या वेळी तिच्याबरोबर. वर्तकसाहेबही हसले. ते हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"भरती बापानं. पर पुस्तकात चुकला नसता तर मी कोनाला सांगितला असता?"

ते खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला, एखाद्या विद्यार्थ्यासारखा. "बाई, पालकांना पुस्तक मिळतं का?"

"नियमात नाही," मी म्हणाले. "पण नंबर लावता येईल. सध्या तेविसावा आहे."

"लावा," ते म्हणाले.

सभेत कुणी ठराव वगैरे केला नाही. सोमवारी वेळापत्रकात वाचनतास परत आला होता, आणि पुढे दोन वर्षं, माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत, तो कुणी मागितला नाही. कदम सरांनी आपल्या बॅगेतली प्रत तीन आठवडे परत केली नाही. मी त्यांना लेखी स्मरणपत्र पाठवलं. मुख्याध्यापकाला स्मरणपत्र पाठवण्याचं सुख नोकरीत एकदाच मिळालं, पण मिळालं.

दर्शनाने नवं प्रकरण तीनदा वाचलं आणि एका ओळीवर खूण करून, "बाकी पास" असा शेरा लिहून परत पाठवलं. ती ओळही लेखिकेने बदलली. दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या आवृत्तीचं पार्सल आलं. दहा प्रती, शाळेला भेट. मी नोंदवहीत दहा क्रमांक घातले, शिक्के मारले, आणि आभाराचं पान उघडून दर्शनासमोर धरलं. 'करंज्याची दर्शना आणि तिचे वडील हिराजी यांनी या कोटाचं दार योग्य वेळी उघडून दिलं.' ती ते पान घेऊन खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी कपाट आवरण्यात बराच वेळ घालवला.

त्याच आठवड्यात एका दुपारी हिराजी शाळेत आले. लेकीची शाळा त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चपला दाराबाहेर काढलेल्या. मी 'या, या, चपला असू द्या' म्हणाले तरी अनवाणीच आत आले. मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं आणि आभाराचं पान दाखवलं. त्यांनी ते बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं. आपल्या नावावर आल्यावर बोट थांबलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्यात माझी पोर लिवलीय, का माझ्या पोरीनं ह्यात लिवलाय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग आभाराचं पान उलटलं, मुलांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे आखडून बसले आणि पहिल्या प्रकरणापासून वाचायला लागले. शाळा सुटली. मुलं गेली. शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला, त्याला मी खुणेनेच परत पाठवलं. दर्शना एकदा घड्याळाकडे, एकदा रस्त्याकडे बघत होती.

"बाबा, करंज्याची बस गेली."

"जाऊं दे," हिराजी मान वर न करता म्हणाले. "दुसरी येल."